सार्वजनिक म्हसोबा

त्या दगडाला मी तो म्हसोबा व्हायच्या आधीपासून ओळखते. मालकाच्या हळदीच्या रानात, पाण्याच्या मोटारीच्या खोपीजवळ तो आडवा पडलेला असायचा. हळद काढायच्या दिवसांत आम्ही बाया त्याच्यावर गड्डे आपटून माती झाडायचो. दुपारची भाकरी खाऊन उठलं की चपलेला चिकटलेला चिखल त्याच्याच कडेला घासायचो. माझी आई त्याच्यावर विळा पाजळायची. एका म्हातारीनं एकदा त्याच्यावर तंबाखूची पिंक टाकली, तेव्हा कुणी कानाला हात लावला नव्हता.

हे सुरुवातीलाच सांगून ठेवते. पुढं ज्या बायांनी या दगडासमोर डोकं टेकलं, त्यांतल्या अर्ध्याअधिक जणींनी माझ्या शेजारी उभं राहून त्याला चपला पुसल्या आहेत.

आमचं गाव हिंगोलीहून वाशीमकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर आहे, कनेरगाव नाक्याच्या अलीकडं. हा रस्ता गावाच्या पोटातून जायचा. सोयाबीनच्या हंगामात सोयाबीनचे ट्रक, हळदीच्या हंगामात हळदीचे, आणि मधल्या दिवसांत सिमेंटचे, कांद्याचे, गुरांचे. अकोल्याकडून येणारे आणि नांदेडकडून येणारे आमच्या चौकात समोरासमोर अडकले की ड्रायव्हर इंजीन बंद करून खाली उतरायचे आणि लोकांच्या पायऱ्यांवर बसून बिड्या ओढायचे. शाळा रस्त्याच्या एका अंगाला, आमची वस्ती दुसऱ्या अंगाला. आम्ही मुली एकमेकींचा हात धरून साखळी करायचो आणि ट्रकांच्या मधल्या फटीतून पळायचो. एका पावसाळ्यात ती साखळी तुटली. माझ्या वर्गातली एक मुलगी दप्तरासकट चाकाखाली गेली.

ती गेल्यावर जो पहिला आठवडी बाजार आला त्या दिवशी माझ्या वडिलांनी पत्रक काढलं : गावाला वळणरस्ता पाहिजे. बायपास हा शब्द गावात नंतर आला. वडिलांनी आधी वळणरस्ता असंच छापलं होतं.

वडील हिंगोलीत एका लहान छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळे गेले, संगणक आले, तसे ते मुद्रितं तपासायला तिथंच राहिले. आठवडाभर लोकांच्या लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकं. उरलेल्या कागदावर स्वतःची पत्रकं. पाण्याच्या टाकीबद्दल, शाळेच्या गळक्या छताबद्दल, अंगात येणाऱ्या बाबाबद्दल. गुलाबी, पिवळा, पोपटी, जो कागद उरेल तो. मी अक्षरं त्या कागदांवर शिकले. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची असायची, आणि आमच्या घरात 'आवाहन' आणि 'जाहीर निषेध' हे शब्द मीठ-मिरचीइतके रोजचे होते. गावात वडिलांचं नावच पडलं होतं छापखाना. "छापखाना आला का?" "छापखान्याला इचारा, त्यो सांगंल."

वडिलांचा एक नियम होता. पत्रकाच्या खाली नाव पाहिजे. नाव नसेल तर ते पत्रक नाही, ती चुगली.

वळणरस्त्याच्या पत्रकाखाली वडिलांचं नाव होतं. नंतरच्या वर्षांत त्या मागणीला बरेच बाप मिळाले, बॅनरवर हात जोडून उभे राहिले, पण पहिलं नाव वडिलांचं होतं आणि ज्यांना ते विसरायचं होतं ते विसरले. आम्ही विसरलो नाही.

मी कॉलेजात असताना एकदाची मंजुरी आली आणि मोजणीवाले आले. त्यांनी लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या ठोकल्या. बांधावर उभं राहून पाहिलं की एका खुंटीमागं दुसरी लपायची, इतकी रेघ सरळ. ती मालकाच्या हळदीतून, मोटारीच्या खोपीला खेटून जायची. आमचं रान रेघेपासून चांगलं दूर होतं.

मालक म्हणजे गावातला सगळ्यात मोठा जमीनवाला. लहान-थोर त्याला मालकच म्हणायचे. आमच्या वस्तीतले लोक त्याच्या रानात कामाला जायचे, आई जायची, सुट्टीत मी जायचे. माझे वडील तेवढे त्याला भाऊ म्हणायचे. त्याला ते कधी सहन झालं नाही.

आमचं रान म्हणजे एक लहान पट्टी. पण त्या पट्टीत विहीर होती. माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी ती खोदली, ज्या काळात गावच्या आडावर आमच्या घागरी चालायच्या नाहीत तेव्हा. सुरुंगाला पैसे नव्हते म्हणून पहारीनं खोदली. वस्तीतल्या कितीतरी घरांना त्या विहिरीनं कुणापुढं ओंजळ धरू दिली नाही. आमच्याकडं सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पाहुणा आला की आधी विहीर दाखवायची, मग चहा.

खुंट्या ठोकल्या त्याच्या पुढच्या आठवड्यात आई आणि मी हळदीच्या खुरपणीला गेलो, तर खोपीजवळचा तो दगड उभा केलेला. अंगभर शेंदूर. चांदीचे दोन डोळे. समोर नारळ, लिंबू, उदबत्ती, आणि बांबूला बांधलेलं नवंकोरं लाल फडकं.

"अगं बया," आई म्हणाली, "हा तर आपला चपला पुसायचा दगड."

शेजारची बाई हसू दाबत म्हणाली, "हळू बोल. मुकादम ऐकंल."

मुकादमानं ऐकलंच. "चपला तिकडं लांब काढा गं साऱ्याजणी. देवस्थान हाय हे."

"कवापासून रं दादा?" आईनं विचारलं.

"पयल्यापासून."

"पयल्यापासून म्हंजी सोमवारपासून का?"

बाया खळखळून हसल्या. त्या हसल्या हे मला नीट आठवतं, म्हणून पुढचं जास्त लागलं.

पुढं काय झालं हे सांगायला फार वेळ लागत नाही. मालकानं हरकत घेतली की रस्ता देवाच्या अंगावरून जाऊन राहिला. भूसंपादनाचा साहेब गावात आला. शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. पुरुष खुर्च्यांवर आणि सतरंजीवर, बाया भिंतीला धरून. साहेब तरुण होता, त्याला लवकर परत जायचं होतं, पण प्रश्न त्यानं सरळ विचारले. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

"देवस्थान किती जुनं आहे?"

"पणज्याच्या आदीचं, साहेब," मालक म्हणाला.

"खासगी आहे का? घरचा देव असेल तर पूजा करून बाजूला हलवता येतो. बऱ्याच ठिकाणी तसं केलंय."

मालकानं मनात हिशेब मांडला. मला त्याचा चेहरा दिसत होता. घरचा म्हटलं तर देव हलणार, रस्ता सरळ येणार. तो उठून उभा राहिला.

"खासगी कसं आसंल, साहेब? सार्वजनिक हाय. साऱ्या पंचक्रोशीचा देव हाय. कुणीबी यावं, कवाबी यावं. आमी कुणाला आडवलं न्हाई आन् आडवनार न्हाई." एवढं बोलून त्यानं सोबत आणलेल्या पूजेच्या ताटातला भंडारा मुठीत घेतला आणि वर धरला. "हा भंडारा उचलून सांगतो. खोटं आसंल तर माझं रान मला लाभू नये."

भंडारा त्याच्याच रानातल्या हळदीचा होता.

वडील उठले. "भाऊ, पंचक्रोशीचा देव हाय तर गेल्या साली कंदुरी कुनाच्या घरची झाली? बकरं कुनी देलं? मला तर वाटा आला न्हाई."

लोक हसले. मालक त्यांच्याहून मोठ्यानं हसला. "ए छापखाना, तुमी लोकं तर देव मानत न्हाई. मंग तू काहून बोलून राहिला? तुला वाटा पायजे का देव पायजे, ते तरी ठरव!"

मग जे हसू झालं त्याला आवर नव्हता. साहेबही हसला. वडील हसण्यात बुडाले नाहीत, ते भिंतीकडं वळले. "बायांनो, तुमी तिथं रोज जाता. तुमी सांगा. दगड कसला हाय?"

कुणी वर बघितलं नाही. सगळ्याजणींची नखं पिवळी होती आणि त्या आपापल्या नखांकडं बघत होत्या. शेवटी माझी आई उभी राहिली.

"मी त्याच्यावर चपला पुसल्यात," ती म्हणाली. "ह्या साऱ्याजणींनी पुसल्यात."

त्यानंतर कुणी कुणाचं ऐकण्यासारखं उरलं नाही. देवाचा अपमान झाला म्हणून माणसं उठली, एकानं आईच्या अंगावर हात उगारला, दुसऱ्यानं त्याला ओढलं. परवा खुरपणीत खळखळून हसलेल्या बाया म्हणाल्या, न्हाई साहेब, आमी कवाच पुसल्या न्हाई, आमाला काई म्हाईत न्हाई. साहेबानं वहीत लिहून घेतलं आणि जीप निघून गेली.

मी त्या सभेतून एक शब्द घेऊन घरी आले. सार्वजनिक. कुणीही यावं, केव्हाही यावं. शंभर माणसांसमोर, भंडारा उचलून. मला तेव्हा माहीत नव्हतं या शब्दाचं काय करायचं ते. पण आमच्या घरात शब्द टाकून देत नाहीत.

रेघ वाकली. नव्या खुंट्या मालकाच्या हळदीला वळसा घालून आल्या आणि आमच्या पट्टीतून गेल्या. विहीर बरोबर मधोमध आली. मोबदला मिळाला, नियमाप्रमाणं मिळाला. त्यातून वस्तीतल्या घराची दुरुस्ती झाली, पण त्या पट्टीच्या बदल्यात पाण्याचं रान मिळालं नाही.

विहीर बुजवली त्या दिवशी टिप्पर सकाळपासून लागले होते. मुरूम आत पडायचा आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहायचा. आईनं आदल्या दिवशी शेवटची घागर शेंदली होती आणि ती तिनं कुणाला प्यायला दिली नाही, बांधावरच्या तुरीला घातली. वडील कडेला उभे होते. टिप्परवाला परका माणूस, त्याला काय ठाऊक. तो म्हणाला, "काका, मागं सरका, बायपासचं काम हाय. गावाचंच भलं होऊन राहिलं." वडील मागं सरकले. पहिलं पत्रक त्यांचंच होतं ना.

त्या दिवशी मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. मला मालकाची जमीन नको होती, त्याचं वाईट व्हावं असा शापही द्यायचा नव्हता. शाप देणं हे त्यांचं काम, आमच्यात तो प्रकार नाही. मला एवढंच पाहिजे होतं की त्यानं आपल्या तोंडानं, त्याच गावासमोर म्हणावं : हा दगड मी मांडला. आणि आपल्या हातानं तो उचलून बाजूला ठेवावा. मी थांबायला तयार होते.

बायपास सुरू झाला. चौक मोकळा झाला, हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. मुली आता रस्ता ओलांडतात ते हात न धरता. पण सरळ यायचा रस्ता मालकाच्या रानाजवळ एकदम कमरेत वाकतो. भरधाव आलेला ट्रक तिथं कचकन ब्रेक मारतो, ड्रायव्हर शिवी घालतो आणि बाहेर बघतो. बाहेर बघितलं की त्याला शेंदूर लावलेला दगड दिसतो.

एकदा मी तिथं बसची वाट बघत उभी असताना एक ट्रक थांबला. ड्रायव्हर हिंदीत बोलणारा, इंदूरकडचा. त्यानं मला विचारलं, "बहन, यहाँ रोड ऐसा क्यूँ मोड़ा? सीधा क्यूँ नहीं निकाला?"

मी दगडाकडं बोट केलं. "इनके लिए।"

त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले. दगडाकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, परत दगडाकडं. "सरकार का रोड मोड़ दिया?" तो म्हणाला आणि खाली उतरला. गाडीत लिंबू होतं, ते ठेवलं, हात जोडले.

सभेतून आणलेल्या त्या शब्दाचं काय करायचं ते मला सापडलं.

माझं पत्रक मी वडिलांच्याच छापखान्यात छापलं, पिवळ्या कागदावर. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. मजकूर अगदी थोडा होता, तो असा :

"वळणावरचा म्हसोबा. सर्व वाहनचालक बंधूंना कळविण्यात येते की, या देवस्थानासाठी सरकारने मंजूर केलेला सरळ रस्ता वळविण्यात आला आहे. हे देवस्थान खासगी नसून सार्वजनिक आहे. कोणीही यावे, केव्हाही यावे, कोणालाही अडविले जाणार नाही, असे जमीनमालकांनी भर सभेत भंडारा उचलून जाहीर केले आहे. गावकरी साक्षीला आहेत."

खाली माझं नाव, गावाचं नाव.

वडिलांनी ते मुद्रित तपासायला हातात घेतलं. नेहमीप्रमाणं पेन्सिल कानावरून काढली. एकही चूक निघाली नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि टेबलावर उपडं ठेवलं.

"खोटं काय हाय त्यात?" मी विचारलं.

"एकबी वाक्य खोटं न्हाई," ते म्हणाले. "सारी वाक्यं खरी आन् पत्रक खोटं. आसं पत्रक मी उभ्या जन्मात पाह्यलं न्हाई."

"सभेत त्याच्या वाक्यानं आपली विहीर गेली. आता त्याच्याच वाक्यानं त्याचं रान जाऊ द्या."

"आन् जे लोक तिथं डोकं टेकवतील, ते?"

"ते आधीच टेकवून राहिलेत, बाबा. मी फक्त वाट दाखवून राहिली."

त्यांनी पेन्सिल परत कानावर खोचली. पण मशीन बंद करा असं म्हणाले नाहीत. मी नाव घातलं होतं, त्यामुळं त्यांच्या नियमात बसत होतं. त्या दिवसापासून माझ्या पत्रकांना ते हात लावत नाहीत. हे मला बोचतं, पण मी ते पत्रक मागं घेणार नाही.

नाक्यावरच्या धाब्यांवर मी पत्रकं ठेवली, मिठाच्या डब्याखाली. पंक्चरवाल्याकडं गठ्ठा दिला. तो म्हणाला, "ताई, तुमी अन् म्हसोबा? छापखान्याची लेक ना तुमी?" मी म्हटलं, "देव सार्वजनिक हाय, दादा. माझाबी झाला." तो इतका हसला की ट्यूब हातातून सुटली.

आमच्या भागात एक रीत आहे, ती शहरातल्या वाचकाला सांगायला हवी. रान कुणाचंही असो, देवाची वाट अडवत नाहीत. बांधावरून, पिकातून, माणूस देवाला चालला असेल तर त्याला कुणी हटकत नाही. मालकानं रान वाचवायला रानात देव बसवला, आणि देवाला वाट लागते हे तो विसरला. त्याच्या पिढ्यांना कुणाच्या वाटेचा विचार करायची सवयच नव्हती.

आधी ड्रायव्हर आले. मग ड्रायव्हरांच्या बायका, नवी गाडी घेतलेले लोक, ट्रॅक्टरला हार घातलेली पोरं. नव्या गाडीचं पहिलं लिंबू वळणावरच्या म्हसोबाला फोडायचं असं ठरून गेलं, कुणी ठरवलं कुणास ठाऊक. पायवाटेची गाडीवाट झाली. हळदीचे वाफे तुडवले गेले. नारळाच्या शेंड्या, उदबत्तीचे पुडे, पाण्याच्या बाटल्या. मग कंदुऱ्या सुरू झाल्या. रविवारी दोन-दोन, तीन-तीन बकरी. हळदीच्या सरीत हाडं, चुलीची राख, पत्रावळी. मालकाच्या मुकादमाला एकदा हळद काढताना गड्ड्याबरोबर बकऱ्याचा जबडा मिळाला. त्या दिवशी कामावरून आलेल्या बाईनं मला हे सांगितलं तेव्हा मी तिला दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

मालकानं काटेरी तार ओढली.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. तेच गाव, शाळेच्या व्हरांड्यातलं. त्या दिवशी ज्यांच्या तोंडातून खरा शब्द फुटला नाही, त्यांना आता कंठ फुटला होता. पुढं होता तो आईच्या अंगावर हात उगारलेला माणूस.

"मालक, तार काहून लावली?"

"माझं रान हाय."

"रान तुमचं हाय, पन देव सार्वजनिक हाय म्हनले हुते ना तुमी? भंडारा उचलला हुता."

"व्हय, म्या ऐकलं हुतं," एक बाई म्हणाली. "कुनालाबी आडवनार न्हाई म्हनले हुते."

मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मालकानं गर्दीवरून माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले. त्याला नाही, दगडाला; त्याला दिसावं म्हणून. दोन दिवसांत तार गेली आणि तिच्या जागी लोखंडी कमान आली. लोकांनीच आणली. कमानीवर रंगानं लिहिलं : सार्वजनिक.

नंतर त्याच्या ट्रॅक्टरचा ॲक्सल मोडला. जुना ट्रॅक्टर, मोडायचाच होता. पण गाव म्हणालं, तार लावली म्हणून. त्याच्या बायकोनं उपास धरले आणि दर रविवारी अनवाणी नैवेद्य घेऊन यायला लागली. ती बिचारी मनापासून यायची. तिला हा दगड कुठून आला हे नवऱ्यानं बहुधा कधी सांगितलं नव्हतं.

आमच्या पट्टीचा रस्त्यात न गेलेला एक कोपरा उरला होता, खाटेएवढा म्हणावा असा. आईनं तिथं पत्रा टाकून चहाची टपरी मांडली. गिऱ्हाईक बक्कळ. ड्रायव्हर विचारायचे, "मौसी, नारियल है?" आई म्हणायची, "नारळ न्हाई. चाय हाय." एका व्यापाऱ्यानं नारळाची पोती उधारीवर देऊ केली. आईनं त्याला सांगितलं, "चहा पिऊन जा बाबा. त्या दगडाचं खाणार न्हाई मी." माझ्या घरातले हे दोघं असे आहेत. सूड घ्यायला मी एकटीच उरते.

आणि मग एका सकाळी मालक आमच्या घरी आला.

तो याआधी कधी वस्तीत आला नव्हता, माणूस पाठवायचा. चप्पल बाहेर काढून ओसरीवर बसला. खाली, सतरंजीवर. वडील वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी चष्मा काढला.

"मास्तर," मालक म्हणाला. छापखाना नाही, तू नाही. "मास्तर, तुमी अंधश्रद्धेवर पत्रकं काढता. चांगलं काम हाय तुमचं. म्या पयल्यापासून म्हनतो."

"बोला, भाऊ."

"आपल्या वळनावर जे चालू हाय, ते तुमाला पटतं का? बकरी काय, नारळ काय. लोकं येडी झाली. तुमी एक पत्रक काढा. सांगा लोकायला, तिथं काई न्हाई. दगड हाय निस्ता."

मी दारात उभी होते. मला मोठ्यानं हसायचं होतं. वडिलांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. आईनं चहा आणला. कप त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याच्या घराण्यातल्या कुणी आमच्या घरचं पाणी घेतलेलं नव्हतं. त्यानं कप उचलला आणि गरम चहा एका दमात पिऊन टाकला.

वडील कागद-पेन घेऊन बसले. त्यांचा चेहरा खुलला होता, खोटं कशाला सांगू. उभ्या आयुष्यात त्यांच्याकडं असं पत्रक मागायला कुणी आलं नव्हतं. "लिहितो," ते म्हणाले. "दगड कुठं हुता?"

"कुठं म्हंजी? रानात."

"खोपीजवळ?"

"...व्हय."

"उभा कुनी केला?"

मालकानं कप खाली ठेवला. "ते कशाला पायजे? आसंच मोघम लिवा ना."

"मोघम मी छापत न्हाई, भाऊ. शेंदूर कुनी लावला?"

बाहेर वस्तीतली पोरं जमली होती, मालकाच्या चपलेकडं बघत. शेवटी तो खाली बघून म्हणाला, "म्याच लावला. तुमाला म्हाईत हाय. साऱ्यायला म्हाईत हाय."

हेच ते वाक्य. याच्यासाठी मी थांबले होते. आणि ते आमच्या ओसरीवर, चौघांत बोललं गेलं.

वडिलांनी ते लिहून घेतलं, त्याच्याच शब्दांत. मग कागद फिरवून त्याच्यापुढं सरकवला. "खाली सही करा."

"सही तुमची राहू द्या ना, मास्तर. पत्रक तुमचं."

"माझी साक्ष गावानं व्हरांड्यात ऐकली, आन् हसलं. दगड मांडणारा साक्षीदार एकच हाय. तुमी."

मालकानं पेन घेतलं. मी बघत होते. पेनाचं टोक कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं. मला वाटलं तो साहेबांना भीत असेल, सभेतल्या खोटेपणाला भीत असेल. तसं असेलही. पण तो जे बोलला ते वेगळं होतं.

"मास्तर, म्या भंडारा उचलला हुता," तो म्हणाला. आवाज अगदी खाली. "रान लाभू नये म्हनून. आन् आता रान लाभून न्हाई राहिलं. म्या लिवून देलं त्यो दगड हाय, आन् त्यो... त्यो झाला आसंल तर?"

ज्याच्या अंगाला त्यानं स्वतःच्या बोटांनी शेंदूर लावला, त्याला तो भीत होता. मला वाटलं होतं हे ऐकून मला त्याची कीव येईल. आली नाही.

वडिलांना मात्र आली असावी. "भाऊ, दगडच हाय त्यो," ते हळू म्हणाले. "मी सांगतो ना."

मालकानं पेन ठेवलं, उठला आणि चपला घालून गेला. कुंपणापाशी तो एकदा थांबला, पण वळला नाही.

आईनं कप उचलला आणि माझ्याकडं बघितलं. "काय गं, हा कप येगळा ठिवू का आपल्या कपात धुऊ?"

तेव्हा मी हसले. वडील हसले नाहीत. ते कागदाकडं बघत बसले होते. मी म्हटलं, बाबा, तो बोललाय, आपण तिघांनी ऐकलंय, छापून टाकू. ते म्हणाले, "खाली नाव न्हाई. चुगली होईल." त्यांनी कागदाची घडी घातली आणि मुद्रितांच्या पिशवीत ठेवली. ती अजून तिथं आहे. मालक सही करायला येईल असं त्यांना खरोखर वाटतं.

मला वाटत नाही. त्यानं येऊही नये. दगड तिथंच राहो. वळणावर आता प्रत्येक ट्रकवाला देवाला एक हॉर्न देऊन पुढं जातो, तशी पद्धतच पडली आहे. मालकाचं घर तिथून एका रानावर आहे. सकाळी मी टपरीवर आईला हातभार लावायला जाते, आमच्या विहिरीच्या बरोबर वरून चालत. हॉर्न वाजला की मी चहा गाळायची थांबते आणि त्याच्या घराकडं बघते. ओसरीवर तो बसलेला असतो. दर हॉर्नला त्याची मान जराशी हलते.

हे लिहिताना मी त्याचं नाव घातलेलं नाही. माझं नाव आहे. त्याच्या सहीची जागा मी त्याच्यासाठी मोकळी सोडली आहे.